पाळीव ससा, गालिचा आणि अहिंसा
पाळीव ससा घरातला गालिचा कुरतडू लागला, तर त्याला अडवणे अहिंसेत बसते का? सशाचे दात आयुष्यभर वाढतात. कुरतडून ते झिजवणे हा त्याचा देहधर्म आहे, अपराध नव्हे. म्हणून शिक्षेला आधार उरत नाही. मात्र गिळलेले धागे आतड्यात अडकून जिवावर बेतू शकते. तेव्हा अडवणे हीही दयाच. गालिच्याची कड झाकावी आणि पुढ्यात सतत सुके गवत व कुरतडायला साधा पुठ्ठा ठेवावा.

मुक्या जिवांविषयीची हीच दया संतपरंपरेतही दिसते. जुन्नर तालुक्यातील आळे येथे, संत ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखी वेद वदवले असे मानतात, त्या रेड्याची समाधी भाविक पूजतात. मुक्या जिवातही माणसातलेच चैतन्य पाहणाऱ्या या परंपरेत सशावर हात उगारणे अधर्मच ठरते.