नदी भरून आली, तेव्हा

एका साधिकेने विचारले, “सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत. सहा महिने झाले, पहाटेची साधना होत नाही. इतक्या वर्षांची साधना मोडली का?”

उत्तर देण्याआधी थोडे दूर जाऊ या. स्कॉटलंडच्या वायव्य हायलँड्समध्ये एक डोंगर आहे, ‘अ व्हायजन’. गेलिक भाषेत या नावाचा अर्थ कुमारिका. उंची 967 मीटर. हिमालय पाहिलेल्याला टेकडीच वाटेल. पण गाडीरस्ता इतका लांब की चढाईपेक्षा जवळ पोहोचण्यातच दिवस जातो. पश्चिमेला पूलयू गावातून निघालात तर जाऊन-येऊन सुमारे 40 किलोमीटर. वाटेत दोन तळ्यांमधल्या दगडी बांधावरून पलीकडे जायचे, मग खडकाळ धार. आग्नेयेला किनलॉख्यू गावातूनही वाट आहे, तीही लांबच.

उत्तरेची वाट डंडोनेलजवळून निघून शेनावॉलच्या झोपडीपाशी येते. तिथे रखवालदार नाही, भाडे नाही, कुलूप नाही. झोपडीच्या पुढे नदी आहे आणि नदीवर पूल नाही. एरवी गुडघाभर पाण्यातून पलीकडे जाता येते. पण रात्री जोराचा पाऊस झाला तर सकाळी तीच नदी माणूस वाहून नेईल एवढी होते. शिखर तिथेच असते. पाय धडधाकट असतात, सुट्टी काढलेली असते. आणि मागे फिरावे लागते.

त्या क्षणी आत काय होते ते पाहा. “इतका लांब आलो आणि आता?” असे जो म्हणतो, तो कोण? डोंगराला तुमच्या येण्याची नोंद ठेवायची नाही. नोंद आपण ठेवतो. ह्यू मन्रो यांनी 1891 मध्ये तिथल्या 3000 फुटांवरच्या शिखरांची यादी छापली. आज हजारो लोक ती यादी पुरी करायला धडपडतात. स्वतः मन्रो मात्र 1919 मध्ये गेले, तेव्हा त्यांची यादी अपुरीच होती! (मला हे फार आवडते.)

आपलीही यादी असते. किती माळा, किती दिवस सलग, किती शिबिरे. सासूबाईंची कूस बदलताना “माझी साधना बुडते आहे” असे वाटते, ते दुःख ईश्वराच्या ओढीचे आहे की तुटलेल्या मोजणीचे? दोन्ही असेल. रागावू नका स्वतःवर, फक्त वेगळे करून पाहा. ओढ खरी असेल तर ती औषधाच्या वेळा सांभाळतानाही जागी राहते. मोजणी मात्र चिडते, आणि ती चीड त्या म्हाताऱ्या माणसाच्या अंगाला लागते. हातांना ते कळते.

मागे फिरलेला वाटसरू झोपडीत ओले मोजे वाळत घालतो, चहा करतो. त्या नद्या चढतात तशा उतरतातही. कधी दुसऱ्याच सकाळी. कधी त्याची सुट्टी संपते आणि तो घरी जातो.

ताई, आज रात्री त्यांना पाणी पाजताना घाई करू नका.