घराचे रक्षण आणि बंदूक

गावापासून दूर मळ्यातील वस्तीवर राहणाऱ्या कुटुंबाने चोरदरोडेखोरांपासून आपले रक्षण कसे करावे, हा प्रश्न फार जुना आहे. ज्याच्या गाठी चार पैसे आहेत तो म्हणतो, परवाना काढून एक चांगली बंदूक घ्यावी. दुसरा म्हणतो, ख्रिस्ताच्या अनुयायाने शस्त्रास शिवूच नये. ह्या दोघांपैकी कोणाचे म्हणणे शास्त्रास धरून आहे, ह्याचा विचार आज करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम पवित्र शास्त्र पाहू. निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायाच्या आरंभी चोरासंबंधी एक नियम आहे. चोर रात्री घर फोडताना सापडला आणि मार लागून मेला, तर मारणाऱ्यावर रक्तपाताचा दोष नाही. परंतु सूर्य उगवल्यावर तसे घडले तर दोष आहे. चोर तोच, घर तेच, मालही तोच. मग सूर्योदयाने फरक तो काय पडला? आम्हांस त्याचा अर्थ असा दिसतो की, रात्रीच्या अंधारात घरधन्यास कळत नाही की आलेला मनुष्य भांडी न्यावयास आला आहे की प्राण घ्यावयास. दिवसा ते कळते. हाक मारता येते, शेजारी धावून येतात, चोराकडून भरपाईही घेता येते. म्हणजे देवाने भ्यालेल्या घरधन्याची कीव केली, आणि त्याच नियमात चोराच्या प्राणाचेही मोल राखले.

आमच्या देशाचा कायदाही ह्याच वाटेने जातो. १८६० च्या भारतीय दंडविधानात, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत, स्वसंरक्षणाचा हक्क मान्य केलेला आहे. जबरी चोरी किंवा सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी झालेली घरफोडी, अशा प्रसंगी तो हक्क प्राण घेण्यापर्यंतही जाऊ शकतो. परंतु बचावास लागेल त्याहून अधिक इजा करण्याची मोकळीक कोणासही नाही.

आता बंदुकीविषयी. अमेरिकेत घराच्या रक्षणासाठी पुष्कळ लोक बारा बोअरची पंप बंदूक पसंत करितात. नळीखालचा दस्ता मागे ओढला की रिकामे काडतूस बाहेर पडते, आणि पुढे सारला की नवे आत जाते. असे चारपाच बार एकामागून एक काढता येतात. जॉन ब्राउनिंग ह्याने रचलेली विंचेस्टरची १८९७ सालची बंदूक ह्या जातीत नावाजलेली होती. पुढे १९५० सालापासून रेमिंग्टनची ८७० ही घरोघर गेली. नळी किती लांब असावी, छरा कोणत्या नंबरचा असावा, ह्यावर तेथे पुष्कळ वाद चालतो. त्यात दोन समजुती वारंवार ऐकू येतात. एक अशी की, दस्त्याचा खडखडाट ऐकूनच चोर पळतो. दुसरी अशी की, छरे पसरत असल्यामुळे नेम धरावा लागत नाही. ही दुसरी तर धडधडीत खोटी आहे. एका खोलीच्या अंतरावर छरे वीतभरही पसरत नाहीत. आणि मोठा छरा पातळ आडोसा भेदून पलीकडे निजलेल्या लेकरास लागू शकतो. पहिली कधी खरी ठरेल, कधी ठरणार नाही. पण जो केवळ आवाजावर भिस्त ठेवितो, त्याने चोर न पळाल्यास काय करावयाचे हे ठरविलेलेच नसते. आणि खरा प्रश्न तर तोच आहे.

ह्याचे एक उदाहरण इंग्लंडात घडले. नॉरफोक परगण्यात टोनी मार्टिन नावाचा शेतकरी एका एकाकी घरात राहत असे. आपल्या घरी पूर्वीही चोऱ्या झाल्या, असे तो सांगे. ऑगस्ट १९९९ मध्ये एके रात्री दोघे चोर आत शिरले. त्याने परवाना नसलेल्या पंप बंदुकीतून अंधारात बार काढिले. एक चोर घायाळ झाला. दुसरा, अवघ्या सोळा वर्षांचा मुलगा, पाठीत छरे लागून मरण पावला. २००० साली न्यायालयाने मार्टिन ह्यास खुनाबद्दल जन्मठेप दिली. २००१ साली अपिलात त्याची मानसिक अवस्था ध्यानी घेऊन गुन्हा सदोष मनुष्यवधाचा ठरला, आणि शिक्षा पाच वर्षांवर आली. कोणी शेतकऱ्याचा कैवार घेतला, कोणी मेलेल्या मुलासाठी हळहळले. त्या मनुष्याचा न्याय आम्ही करीत नाही. परंतु हे ध्यानात घ्यावे की, एकट्या मनुष्याचे भयही खरे होते, आणि त्या मुलाची पाठ वळलेली होती हेही खरे होते. अंधारात ह्या दोन गोष्टी निवडून पाहण्यास घटकाभरही अवकाश मिळत नाही. बंदूक मात्र क्षणात उडते.

येथे कोणी विचारील, बायकामुलांस चोरांच्या हाती सोडणे ही कोठली प्रीती? हे विचारणे यथार्थ आहे. नहेम्याच्या दिवसांत यरुशलेमेचा कोट बांधणारांनी एका हाताने काम केले आणि दुसऱ्या हातात शस्त्र धरिले. त्यांस कोणी दोष दिला नाही. उलट, गेथशेमाने बागेत पेत्राने तलवार चालविली तेव्हा प्रभूने ती म्यानात घालावयास लाविली आणि घायाळाचा कान बरा केला. परंतु त्याच रात्री, मला धरा पण ह्यांस जाऊ द्या, अशा अर्थाचे सांगून त्याने आपल्या शिष्यांस वाचविले. यावरून आम्ही असे समजतो की, दुर्बळांचे रक्षण करणे हे कर्तव्य आहे. मालासाठी, रागासाठी किंवा अपमानाच्या भरपाईसाठी रक्त सांडणे हे नाही.

आणखी एका संकटाकडे लक्ष द्यावे. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्येचे असतात. चोर वर्षानुवर्षे येणार नाही. पण पीक बुडाल्याची, कर्जाची, घरच्या भांडणाची काळी रात्र कोणत्याही घरी येऊ शकते. त्या रात्री भरलेली बंदूक खुंटीला असणे ह्यासारखा धोका नाही.

म्हणून आमचा सल्ला असा. आधी दाराची कडी भक्कम करा, अंगणात दिवा ठेवा, कुत्रा पाळा, घरात मोठी रोकड ठेवू नका. वस्त्यावस्त्यांनी मिळून गस्त घाला, आणि ११२ हा पोलिसांचा क्रमांक लेकरांसही पाठ करवा. उपदेशकांनी शेजाऱ्यांतील वैर मिटविण्यास झटावे. इतके करूनही ज्यास बंदूक अवश्य वाटते, त्याने १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे रीतसर परवाना घ्यावा. चोरून बाळगू नये. ती चालविण्यास नीट शिकावे, बंदूक एका कुलपात आणि काडतुसे दुसऱ्या कुलपात ठेवावी, आणि घरात कोणी खिन्न असेल तर ती घराबाहेर सुरक्षित ठिकाणी सोपवावी. सर्वांत आधी देवासमोर हे ठरवावे की, पळणाऱ्यावर ती कधीही रोखणार नाही.

वाचकहो, प्रभूबरोबर वधस्तंभावर खिळलेल्या एका चोरास अगदी शेवटच्या घटकेस तारण मिळाले. त्याला ती घटका मिळाली म्हणूनच तो पश्चात्ताप करू शकला. आमच्या दारी आलेल्या चोराची तशी घटका आम्ही हिरावून घेऊ नये, अशी इच्छा धरणे आम्हांस शोभते. घरच्यांस वाचविण्यास दुसरा मार्गच न उरला, तर गोष्ट वेगळी. त्या वेळीही हात कापावा, हृदय कठीण होऊ नये. देव तुमच्या घरादाराचे रक्षण करो, आणि तुमच्या हातून कोणाचे रक्त सांडण्याचा प्रसंग न येवो.