यात्रेकरूंची विचारपूस

त्र्यंबकेश्वराचा बेत ठरला म्हणजे आमच्या घरांत पहिला वाद निघतो तो प्रकृतीचा. कुशावर्तांत बुडी मारावी कीं नुसतें मार्जन करावें, आचमन घ्यावें कीं टाळावें, याची शेजारींपाजारीं विचारपूस होते, आणि नुकतेच जाऊन आलेले कोणी गृहस्थ छातीठोकपणें सांगतात, "आम्ही मनसोक्त स्नान केलें, तीर्थ प्राशन केलें, कांहीं एक झालें नाहीं!" तेवढ्यानें सर्वांचें समाधान होतें. सिंहस्थ जवळ आला कीं ही साक्ष घरोघर ऐकूं येते.

ती खोटी नसते. पण ती ज्या प्रश्नाचें उत्तर आहे तो प्रश्नच आम्हांस अपुरा वाटतो. १८८४ सालीं रॉबर्ट कॉख यानें कलकत्त्यास पटकीचा जंतु रोग्यांच्या आंतड्यांत व तळ्याच्या पाण्यांत दाखवून दिला. पुढील शोधांवरून असें ठरलें कीं, ज्यांच्या पोटांत तो शिरतो त्यांतील बहुतेकांस कांहींच होत नाहीं, अथवा किरकोळ ढाळ होऊन थांबतात. मात्र एक ते दहा दिवस त्यांच्या मळावाटे जंतु बाहेर पडत राहतात. म्हणजे "कांहीं झालें नाहीं" म्हणणारा मनुष्यच रोगाचें वाहन झालेला असूं शकतो. १८६७ च्या हरद्वारच्या कुंभानंतर यात्रेकरू ज्या वाटांनीं परतले त्याच वाटांनीं पटकी उत्तर हिंदुस्थानांत पसरली. आज तिचें तें थैमान उरलें नाहीं. पण विषमज्वर व कावीळ यांची रीत फारशी निराळी नाहीं.

"मेलों तर गंगेच्या कांठीं मरूं" असें म्हणणारे भाविक आम्ही पाहिले आहेत. त्यांच्या धैर्याविषयीं आमच्या मनांत आदर आहे. परंतु स्वतःचा प्राण पणास लावण्याचा अधिकार जितका स्पष्ट आहे, तितका शेजारच्या तान्ह्या मुलाचा लावण्याचा नाहीं. आणि परत येऊन मावंदें घालतांना तीर्थाची पळी प्रथम पुढें जाते ती म्हाताऱ्यांकडे व मुलांकडे.

हें आम्ही परक्यास उद्देशून लिहीत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं त्र्यंबकाहून परतल्यावर आमचें पोट दोन दिवस बिघडलें होतें. जागरण झालें, असें म्हणून आम्ही तें सोडून दिलें आणि मावंद्यास स्वतः पळीपळीनें तीर्थ वाटलें. चौथ्या दिवशीं शेजारचें दीड वर्षाचें मूल इस्पितळांत न्यावें लागलें. तें बरें झालें. कारण काय, हें कोणास कळलें नाहीं. कोणी आम्हांस दोषही दिला नाहीं. उलट त्या मुलाचे आजोबा पुढल्या महिन्यांत त्र्यंबकास निघाले तेव्हां आमच्याकडेच विचारावयास आले, "पाण्याचा कांहीं त्रास नाहीं ना ?" आम्ही म्हणालों, "नाहीं."