दुसऱ्याच्या लेकराचे प्रारब्ध

वाचकहो, आज आम्ही स्वतःची एक चूक सांगणार आहोत. जी चूक आमच्या हातून झाली तीच पुष्कळ सज्जन रोज करतात, आणि ती करताना आपण धर्मच सांगत आहोत असे त्यांना वाटते, म्हणून हा प्रपंच.

काही वर्षांपूर्वी पौष महिन्यात एका साखर कारखान्याजवळ, ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर आमचे कीर्तन होते. मंडळी बहुतेक बीड जिल्ह्यातली. मुकादमाकडून उचल घ्यायची, दिवाळीच्या सुमारास गाव सोडायचे आणि उन्हाळा लागला की परतायचे, असा त्यांचा दरसालचा क्रम. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ मोजतात. हा कोयता पहाटेच फडात जातो, तो दिवस मावळता परत येतो. मागे कोपीत राहतात ती लेकरे. थोरली बहीण सातआठ वर्षांची असली की तीच धाकट्यांची आई!

कीर्तनात अगदी पुढे चारएक वर्षांचा एक मुलगा बसला होता. टाळ वाजला की मान वळवी, म्हणजे कान शाबूत होते. पण बोलणे नाही. दुसरे पोर जवळ सरकले की त्याला चापट मारी, हातातल्या लाह्या ओढून घेई. काय हवे ते बोटाने दाखवावे, तेही नाही, नुसते रडणे. कुणी काही विचारले तर बहीण उत्तर देई. “येडं हाय ते,” कोणीतरी म्हणाले. कीर्तन संपल्यावर त्याची आई पाया पडायला आली, तेव्हा तिचे समाधान करावे म्हणून आम्ही बोलून गेलो, “माउली, ज्याचं त्याचं प्रारब्ध.”

ती बाई जराशी थांबली आणि म्हणाली, “म्हाराज, पारब्ध लेकराचंच आसंल. पर सालभरात मी त्याच्यासंगं किती बोलले, त्ये कुनाच्या पारब्धात धरायचं?”

आम्ही गादीवर उभे राहून लोकांच्या शंका फेडणारे. पण त्या रात्री आम्हांस उत्तर सुचले नाही. तिचा प्रश्न घेऊनच आम्ही घरी आलो. आज त्याचाच विचार करू.

लहान मूल माणसांत यायला शिकते ते कसे? लहानपणी पाठशाळेत गुरुजींनी आम्हांस ‘वृद्धव्यवहार’ शिकविला होता. एक वडील माणूस दुसऱ्याला म्हणतो, “गाय आण.” दुसरा गाय आणतो. जवळ बसलेले पोर हे पाहते. मग तो म्हणतो, “गाय बांध, घोडा आण.” पोर शब्द ताडून पाहते आणि गाय कोणती, आणणे कोणते, हे उमगते. वडिलांच्या व्यवहारावाचून बालकाला शब्दाचा अर्थ कळत नाही, असा शास्त्रकारांचा अभिप्राय. तेव्हा आम्ही हे घोकून पाठ केले. पण ज्या पोरासमोर दिवसभर ‘वृद्ध’ही नाही आणि ‘व्यवहार’ही नाही, त्याचे काय होईल, हा विचार पाठशाळेत कोणाच्या मनात आला नाही.

आजचे बालशास्त्रज्ञ यात आणखी एक गोष्ट घालतात. मुलाने नुसते ऐकून भागत नाही. त्याला कोणी उत्तर द्यावे लागते. तान्हे हुंकारते, आई हुंकारते. ते चंद्राकडे बोट करते, आजी म्हणते, “हो रे, चांदोबा!” अशा हजारो देवघेवींतून त्याला कळते की मी बोलावले तर कोणी येते. याच पायावर पुढची इमारत उठते. दोन वर्षांचे झाले की ते दोन शब्द जोडते. तीनचार वर्षांचे झाले की भातुकली मांडते, आपली पाळी येईपर्यंत थांबते, दुसरे रडले की त्याच्या तोंडाकडे पाहते. देवघेव तुटली की हे सारे लांबणीवर पडते. मग ज्याला मागता येत नाही ते ओढून घेते, आणि ज्याला राग सांगता येत नाही ते मारते. आपण त्याला द्वाड म्हणतो, नाहीतर मंद म्हणतो, आणि मोकळे होतो!

कोप्यांवरची, झोपडपट्टीतली, पाड्यांवरची सगळीच मुले अशी मागे राहतात असे कोणी समजू नये. जिथे आजी बरोबर आली आहे तिथली पोरे आम्ही चुरूचुरू बोलताना पाहिली आहेत. यावरूनच दिसते की कमतरता पोराच्या पिंडात नाही. ती त्याच्या अवतीभवती आहे.

आता शंका घेऊ. पहिली शंका अशी, की हे प्रारब्ध नव्हे कशावरून? आमचे म्हणणे असे, की प्रारब्ध कळते ते फळावरून. चार वर्षांच्या लेकराचे फळ अजून धरायचेच आहे. मग ते वाचले कशावरून? शिवाय आपण सप्ताहात पंगत बसवितो तेव्हा भुकेलेल्याचे प्रारब्ध विचारीत नाही, पान वाढतो. मग शब्दाला भुकेलेल्याचेच प्रारब्ध कां काढावे? आणि खरे सांगायचे तर वाड्यातले मूल बोलेनासे झाले की आपण डॉक्टर गाठतो, आणि कोपीतले बोलेनासे झाले की पूर्वजन्म गाठतो. प्रारब्ध हा शब्द आपल्या दुःखात आपणांस धीर यावा म्हणून आहे. दुसऱ्याच्या लेकरावर तो ठेवला की तो आपल्या आळसाचे पांघरूण होतो.

दुसरी शंका अशी, की मग हा आईबापांचा दोष नव्हे काय? वाचकहो, जी बाई पहाटेपासून मोळ्या वाहते आणि रात्री भाकऱ्या थापते, तिला “मुलाशी गप्पा मारीत जा” असे सांगणे म्हणजे तहानेल्याला विहीर खणायला सांगण्यासारखे आहे. साखर आपल्या चहात पडते; तिच्या गोडीत त्या मायलेकरांचे न झालेले बोलणे विरघळलेले आहे. हे ऋण एकट्या आईच्या नावावर मांडणे न्यायाचे नाही.

तिसरी शंका व्यवहारी लोकांची. ते म्हणतात, आधी पोटाचे बघा, बाकीचे आपोआप येईल. पोटाचे बघावेच, त्यात वाद नाही. पण जमेका देशात किंग्स्टन शहरी 1986-87 साली एक प्रयोग झाला, तो ऐकण्यासारखा आहे. गरीब वस्त्यांतली, वाढ खुंटलेली 129 बालके निवडली. काहींना दूधभुकटी दिली. काहींच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून तासभर जाई आणि टाकाऊ वस्तूंची खेळणी घेऊन, मुलाशी कसे खेळावे, कसे बोलावे, हे आईला दाखवी. असे दोन वर्षे चालले. पुढे वीस वर्षांनी पाहिले, तो ज्यांच्या घरी खेळणे-बोलणे पोहोचले होते त्यांची कमाई तसे न मिळालेल्यांहून सुमारे 25 टक्के अधिक, मारामाऱ्या कमी, मनाची उदासीही कमी. नुसत्या दुधाचा गुण मात्र टिकला नाही. आठवड्याला एक तास, वाचकहो! आपले एक कीर्तन याहून लांबते.

चौथी शंका अशी, की वेळ गेली तर गेली. आता काय उपयोग? अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या इप्सिलांटी गावी 1962 ते 1967 या काळात गरीब कृष्णवर्णी घरांतल्या तीनचार वर्षांच्या मुलांसाठी बालशाळा चालविली, आणि ती मुले चाळिशीची होईपर्यंत त्यांचा माग ठेवला. बुद्धीच्या चाचणीत मिळालेली आघाडी थोड्या वर्षांत पुसली गेली. पण शिक्षण पुरे करणे, नोकरीत टिकणे, तुरुंगाची वाट टाळणे, यांत ती मुले इतरांच्या पुढेच राहिली. म्हणजे माणसांत राहायला शिकलेले फुकट गेले नाही. चार वर्षांचे पोर म्हणजे गेलेली वेळ नव्हे.

आणि हे सारे परदेशातून शिकावे असेही नाही. ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डीला काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. पाड्यांवरची मुले बालवाडीत येईनात. तेव्हा या बायांनी मुलांना दोष दिला नाही; बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. पुढे 2 ऑक्टोबर 1975 रोजी सरकारची एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली, आणि हे नाव देशभर गेले. परंतु ऊसतोडीच्या पोराचे नाव गावच्या अंगणवाडीच्या पटावर असते आणि पोर असते परजिल्ह्यातल्या फडावर. ताराबाई अंगणापर्यंत गेल्या. आपल्याला कोपीपर्यंत जायचे आहे.

एक सावधगिरीही सांगतो. प्रत्येक अबोल मूल केवळ बोलण्यावाचून अबोल असते असे नाही. कुणाला ऐकू येत नसेल, कुणाची घडण मुळातच निराळी असेल. 2013 सालापासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करण्याची सोय आहे. तिथे अवश्य दाखवावे. आम्ही काही वैद्य नव्हे.

मग आपण काय करायचे? कारखान्याच्या आसपास राहणाऱ्या माळकऱ्यांनी, भजनी मंडळांनी, घरी रिकाम्या असलेल्या आजी-आजोबांनी आठवड्यातून एक दिवस कोप्यांवर जावे. खाऊ न्यावा, पण खाऊ देऊन लगेच परतू नये. मातीत बसावे, पोराने खडा दिला तर घ्यावा, त्याला परत द्यावा, नाव घेऊन बोलावे. त्या तासापुरती थोरल्या बहिणीची सुटका होईल. तीही लेकरूच आहे, तिलाही खेळू द्यावे.

आम्ही पुन्हा त्या कोप्यांवर गेलो तेव्हा ती टोळी पुढच्या फडाला गेली होती. ते पोर पुन्हा दिसले नाही. अलीकडे कीर्तनापूर्वी तासभर आधी जाऊन आम्ही मुलांत बसतो. गुडघे दुखतात, उठताना कोणाचा तरी हात लागतो. पण त्या माउलीने विचारलेल्या प्रश्नाचे एवढेच उत्तर आमच्यापाशी आहे, आणि ते द्यायला आम्हांस उशीर झाला. असो.