सुरांतला भाव कुठे वसतो?

संगीतातला भाव सुरांतच असतो की ऐकणाऱ्याच्या मनात, हा सौंदर्यशास्त्रातला जुना वाद आहे. बीथोव्हनच्या व्हायोलिन कॉन्चेर्टोवर तो नीट तपासता येतो. 1806 साली व्हिएन्नात प्रथम सादर झालेल्या या रचनेची पट्टी डी मेजर आहे. व्हायोलिनच्या चार मोकळ्या तारा जी, डी, ए आणि ई या स्वरांत लावलेल्या असतात. हे चारही स्वर या पट्टीतलेच असल्याने तारा आपोआप झंकारतात आणि नाद उजळ, भरदार होतो. हा परिणाम भौतिक आहे. तो श्रोत्यावर अवलंबून नसतो.

लयीचे तसे नाही. टिंपनीच्या पाच हलक्या ठोक्यांनी सुरू होणाऱ्या पहिल्या भागावर ‘जलद, पण फार नव्हे’ एवढीच सूचना आहे. व्हायोलिनवादक हायफेट्झ व वाद्यवृंद-संचालक तोस्कानिनी यांच्या 1940च्या ध्वनिमुद्रणात लय चपळ आणि ताठ आहे. व्हायोलिनवादक मेन्युइन व संचालक फुर्टवेंगलर यांच्या 1953च्या ध्वनिमुद्रणात ती ऐसपैस आहे. स्वरलिपी एकच, पण पहिल्यात निर्धार जाणवतो, दुसऱ्यात प्रार्थनेची शांतता.

संगीताचा आशय म्हणजे नादाचे गतिमान आकार, असे संगीतसमीक्षक एडुआर्ड हान्सलिकने 1854मध्ये मांडले. मात्र भावनेचा वेग आणि चढउतार संगीत दाखवू शकते, हे त्यालाही मान्य होते. म्हणजे पट्टी शक्यता देते, वादक लयीतून तिला दिशा देतो आणि श्रोता आपल्या अनुभवाने तिला अर्थ देतो. भरताच्या नाट्यशास्त्रातही रस अनेक घटकांच्या संयोगातूनच निष्पन्न होतो. भाव असा नात्यात वसतो. कोणत्याही एका घटकात तो पूर्ण सापडत नाही.