नाक धुण्याचे दृष्ट आणि अदृष्ट फळ

नाक सतत चोंदलेले राहणे आणि सायनस, म्हणजे गालफडांच्या व कपाळाच्या हाडांतील पोकळ्या, आतून सुजून त्यांची तोंडे बुजणे, या जुनाट विकारात मिठाच्या पाण्याने नाक धुतल्यास घट्ट शेंबूड सुटून वाहून जातो, हे आधुनिक वैद्यकाला मान्य आहे. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यासारख्या मच्छीमार वस्तीत, जिथे मुसलमान कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात, नमाजापूर्वीच्या वजूत, म्हणजे तोंड, हात व पाय धुण्याच्या विधीत, नाकात पाणी ओढून शिंकरले जाते. कोकणी मुसलमान परंपरेने ज्या शाफिई विधिपंथाचे आहेत तो हे कर्म सुन्नत, म्हणजे प्रशस्त पण अनिवार्य नसलेले, मानतो, तर हंबली पंथ ते अनिवार्य ठरवतो. नाक धुण्याच्या या फायद्यावरून वजूचा विधी मुळात आरोग्यासाठीच रचला गेला असा निष्कर्ष पुष्कळदा काढला जातो. तो घाईचा आहे.

या प्रश्नाची उत्तम चिकित्सा पूर्वमीमांसेत, म्हणजे वैदिक विधींचा अर्थ लावणाऱ्या दर्शनात, सापडते. यज्ञासाठी भात कांडल्यावर तूस निघते, हे त्या कर्माचे दृष्ट, म्हणजे डोळ्यांना दिसणारे, फळ होय. परंतु तूस नखांनीही सोलता येत असताना ते कांडूनच काढावे असा नियम आहे, आणि त्या नियमाच्या पालनातून अपूर्व, म्हणजे न दिसणारे फळ, उपजते असे मीमांसक मानतात. दृष्ट फळ त्यामुळे खोटे ठरत नाही, पण नियमाचे कारण म्हणून ते अपुरे पडते. वजूचेही तसेच आहे: पाणी नसेल किंवा पाण्याने अपाय होणार असेल तर तयम्मुम, म्हणजे स्वच्छ मातीवर हात टेकवून चेहरा व हात पुसणे, पुरेसे होते आणि नाक कोरडेच राहते, रोजा असताना तर नाकात खोलवर पाणी ओढू नये असे सांगितले आहे. समुद्राचे पाणी वजूला चालते, त्यामुळे नौकेवरच्या खलाशाची अडचण होत नाही; मात्र त्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि नाकाला सोसवणाऱ्या औषधी द्रावणात अवघे ९ ग्रॅम.

हठयोगाची भूमिका निराळी आहे. स्वात्मारामाची हठप्रदीपिका नेती, म्हणजे नाक साफ करण्याची क्रिया, धरून सहा शोधनकर्मे मेद व कफ अधिक असणाऱ्यांनाच सांगते आणि इतरांना ती करू देत नाही. म्हणजे तिथे दृष्ट फळ हीच अट आहे, जरी पुढचे साध्य प्राणायाम असले तरी. १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी योगक्रिया प्रयोगशाळेत तपासल्या, ते या अंगाला धरूनच होते. अपूर्व प्रयोगशाळेत मोजता येत नाही, आणि त्याची खंत प्रयोगशाळेने बाळगण्याचेही कारण नाही.

विधीने शुद्ध ठरवलेले पाणी नाकाच्या आतल्या भागाला निर्धोक असेलच असे नाही. कराचीत पाण्यातील नेग्लेरिया फाउलेरी हा अमीबा नाकावाटे मेंदूत शिरून माणसे दगावली आहेत. म्हणून उपचारासाठी नाक धुताना पाणी उकळून गार केलेलेच घ्यावे, आणि त्रास बारा आठवड्यांहून अधिक टिकल्यास नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे.