दोन फेरफारांच्या मधली पणजी

2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचे काम सुरू झाले आणि मराठा समाजाच्या कुणबी नोंदींसाठी तहसिलींमधले जुने दप्तर सोडले गेले. मोडी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली. ज्यांनी पणजोबांचे नावही कधी नीट ऐकले नव्हते, ती माणसे कोतवाल बुकाच्या, म्हणजे गावच्या जन्ममृत्यू नोंदवहीच्या, जीर्ण पानांवर वाकली. दाखल्यासाठी हवी ती 1967 पूर्वीची नोंद सापडली, जातीचा रकाना जुळला, की शोध तिथेच थांबला.

तिथे थांबणे हे मोठे नुकसान आहे.

कोतवाल बुकाच्या एका ओळीत जातीशिवायही बरेच काही असते. मृत्यूच्या नोंदीत वय असते, कारण असते. 1918 च्या ऑक्टोबरातली पाने उलटली तर कारणाच्या रकान्यात एकाखाली एक ‘ताप’ दिसतो. इन्फ्लुएंझाची साथ गावात अशी नोंदली गेली. शाळेच्या जनरल रजिस्टरात मुलांची जन्मतारीख पुन्हा पुन्हा 1 जून येते. खरी तारीख घरात कोणाला ठाऊक नसे, मास्तर अंदाजाने लिहीत. म्हणजे ती तारीख खोटी, पण शाळेत घातल्याची गोष्ट खरी. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत कूळ, गाव, यात्रेला कोण आले ते मिळते. यातली कुठलीच नोंद पूर्वजाची आठवण राहावी म्हणून झालेली नाही. सारा, शाळा, दक्षिणा अशा कोणाच्या तरी गरजेपोटी ती झाली. सामान्य माणूस कागदावर येतो तो असाच, दुसऱ्याच्या कामासाठी.

बाई तर त्याहून कमी येते. जातीच्या दाखल्यासाठी करायची वंशावळ बापाकडून बापाकडे जाते. जन्माच्या नोंदीत मुलीचे नाव पुष्कळदा नसतेच, नुसते ‘मुलगी’.

तिला गाठायचे तर जुने फेरफार काढावेत. सातबाऱ्यावर वर्तुळात लिहिलेले आकडे हे त्यांचेच क्रमांक. मुंबई इलाख्यात 1903 च्या कायद्याने हक्कनोंदणी आली आणि जमिनीचा धनी बदलला की त्याचे कारण लिहिणे भाग पडले. पणजोबा ‘ए.कु.मॅ.’ म्हणून, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून दिसतात. ते वारले की पुढच्या फेरफारात अज्ञान मुलांची नावे येतात आणि शेवटी एवढेच: ‘अ.पा.क. आई’. अज्ञान पालनकर्ती. काही वर्षांनी मुलगा सज्ञान होतो, तसा फेरफार होतो, तिचे नाव कमी होते. त्या दोन क्रमांकांच्या मधल्या वर्षांत सारा भरणे, बैल राखणे, भाऊबंदांना बांधापलीकडे ठेवणे हे सगळे तिच्यावर होते. वंशावळीत मात्र बापामागून लगेच मुलगा येतो.

1956 च्या वारसा कायद्यानंतर मुलींची नावेही वारसांत लागू लागली. त्यांच्यामागोमाग हक्कसोडही आली आणि भावांसाठी बहिणींची नावे पुन्हा कमी झाली. तरीही हक्कसोडीचा हा कागद मोलाचा आहे. त्यात सगळ्या लेकींची नावे एका जागी मिळतात, बहुधा सासरच्या आडनावांसह.

पणजीचे माहेर मात्र फेरफारात सापडत नाही. ते कळले तरच दुसऱ्या तालुक्यातले कोतवाल बुक मागता येते. म्हणून तहसिलीत अर्ज देण्याआधी घरातल्या थोरल्या आत्याला गाठावे आणि तिच्या आजीचे माहेर कुठले, मामा कोण, मुराळी कोणत्या गावाहून येई, हे विचारून लिहून घ्यावे.